दहाच्याच कॅप्सूलवर चार आठवडे

मुलाचं वजन २२ किलो. एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) डॉक्टरांनी अ‍ॅटोमॉक्सेटिन सुचवलं, तेव्हा पहिल्या कॅप्सूलआधीच आम्ही सीवायपी२डी६ या जनुकाची तपासणी करून घेतली. हे औषध शरीरात मोडण्याचं मुख्य काम याच जनुकाचं एन्झाइम करतं. मिथिलफेनिडेट या एडीएचडीच्याच दुसऱ्या औषधाचं तसं नाही, ते सीईएस१ नावाच्या वेगळ्या एन्झाइमने मोडतं. मूल फक्त त्यावर असेल तर या तपासणीवर पैसे घालवू नका.

गालाच्या आतून नमुना द्यायचा तर आधी अर्धा तास खाणंपिणं बंद. आम्ही रक्त दिलं. त्यापूर्वी लॅबला एक प्रश्न जरूर विचारावा: जनुकाच्या प्रती मोजता का? मोजल्या नाहीत, तर एक प्रत चांगली आणि दुसरी गायब असलेलं मूल कागदावर नॉर्मल ठरतं. शिवाय रिपोर्टात नॉर्मल प्रतीपुढे लिहिलेलं ‘स्टार १’ म्हणजे शोधलेले बदल सापडले नाहीत, एवढंच. कोणते शोधले, ती यादी मागून घ्या. डीआरडी४ वगैरे इतर जनुकं पाहून औषधांना लाल-हिरवे रंग देणारं महागडं पॅनेल आम्ही घेतलं नाही. त्यावरून औषध निवडावं इतका पुरावा नाही.

रिपोर्ट आला स्टार ४/स्टार ४, म्हणजे दोन्ही प्रती निकामी, एन्झाइमचं काम शून्य. एरवी रक्तातलं औषध साधारण ५ तासांत निम्मं होतं, अशा मुलांत २४ तासांच्या आसपास लागतात. तेवढ्याच डोसला रक्तात एकूण सुमारे १० पट औषध फिरतं. नेहमीची रीत किलोमागे ०.५ मिलिग्रॅमने सुरुवात आणि किमान ३ दिवसांनी १.२, म्हणजे जवळची कॅप्सूल धरून आमच्याकडे १० आणि मग २५. पण इथे पातळी स्थिरावायलाच ५ दिवस जातात. चौथ्या दिवशी डोस वाढवला असता तर पहिलाच रक्तात अजून चढत असता. म्हणून १० वर ४ आठवडे, आणि तरीही फरक नसेल व औषध सोसत असेल तरच वाढ, असं ठरलं. नाडी, रक्तदाब, वजन वहीत. भूक आणि दिवसाची झोपही.

फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं चालू असतील तर नॉर्मल रिपोर्टवाल्या मुलाच्या शरीरातही औषध असंच साचतं, कारण ती औषधं हेच एन्झाइम अडवतात. फ्लुऑक्सेटिनचा परिणाम तर बंद केल्यावरही काही आठवडे रेंगाळतो.

कॅप्सूल फोडून दुधात घालायची नाही, भुकटी डोळ्यांना झोंबते. रिपोर्टाची झेरॉक्स फाइलमध्ये सगळ्यात वर लावली आहे; हेच एन्झाइम लागणारं रिस्पेरिडोन किंवा कोडीन लिहिणाऱ्यालाही ती लागेल.