वाळीत पडलेला राजा

माझ्या आजीचं घर सोळा महिने वाळीत होतं. पोर्तुगीज अमदानीतली गोष्ट, डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावातली. पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरून आजोबांचं देवळाच्या महाजनांशी वाजलं. मग न्हावी येईना, हळदीकुंकवाचं बोलावणं येईना, माडांवर चढायला पाडेलीही येईना. नारळ वरच सुकायचे आणि रात्री आपोआप खाली पडायचे. "बाय, तो धप्प आवाज आला की मी उठून बसायची," आजी सांगायची.

पुढे शाळेत इतिहास शिकवायला लागले, तेव्हा जर्मनीच्या हेन्री चौथ्याची गोष्ट मला त्या आवाजामुळे कळली. पुस्तकात 'बहिष्कृत केले' एवढंच असतं.

आमच्याकडे खांदा कुणाचा, तिकडे बिशप कुणाचा. बिशपांच्या हाती जमिनी असत, सैनिक असत; त्यांना नेमणारा तोच खरा धनी. मिलानचा आर्चबिशप कुणी नेमायचा यावरून 1075 साली पोप ग्रेगरी सातवा आणि हेन्री यांच्यात ठिणगी पडली. जानेवारी 1076 मध्ये हेन्रीनं वर्म्सला आपले बिशप जमवून 'तू पोप नव्हेस, खोटा संन्यासी आहेस' असं पत्र धाडलं. फेब्रुवारीत ग्रेगरीनं त्याला चर्चबाहेर काढलं आणि राजाला दिलेल्या शपथेतून साऱ्या प्रजेला मोकळं केलं. रोमहून एकही सैनिक निघाला नाही. तरी राजाभोवतीची माणसं एकेक करून पांगली. सरदारांनी बजावलं, वर्षाच्या आत बहिष्कार उठला नाही तर राज्य गेलं.

म्हणून तो सव्वीस वर्षांचा राजा बायको आणि लहानग्या मुलाला घेऊन ऐन हिवाळ्यात आल्प्स ओलांडून पोपला गाठायला इटलीत गेला. लाम्बर्ट नावाच्या संन्याशानं लिहून ठेवलंय की उतारावर बायकांना बैलांच्या कातड्यांवर बसवून खाली ओढत नेलं. कानोसाचा किल्ला टस्कनीची सत्ताधीश माटिल्डा हिचा, ती पोपच्या बाजूची. पोप आत होता. 25 जानेवारी 1077 पासून तीन दिवस हेन्री अनवाणी, लोकरीच्या साध्या वस्त्रात दाराशी आला. माटिल्डानं आणि फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाधिपती ह्यूगोनं, जो हेन्रीचा धर्मपिताही होता, रदबदली केली. 28 तारखेला पोपनं त्याला माफ केलं.

याला हेन्रीची नामुष्की म्हणतात. मला ते पटत नाही. सोळा महिन्यांनी आजोबांनी देवळात नारळ ठेवून हात जोडले, तेव्हा ते हरले असं आजी कधीच म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाडेली आला, एवढंच सांगायची.

(ओल्ड गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये गेले की एक गोष्ट मनाला लागते. बिशप नेमण्याच्या ज्या हक्कासाठी ग्रेगरी झगडला, तोच हक्क 1534 साली गोव्याचं धर्मप्रांत झालं तेव्हा रोमनं पोर्तुगालच्या राजाच्या हाती दिला.)

1080 मध्ये ग्रेगरीनं हेन्रीला पुन्हा बहिष्कृत केलं. या खेपेला बरेचसे बिशप राजाच्या बाजूनं उभे राहिले, त्यांनी दुसरा पोपच निवडला. 1084 मध्ये हेन्री रोममध्ये शिरला. पुढच्या वर्षी 25 मे रोजी ग्रेगरी सालेर्नोला, रोमपासून दूर वारला.

गोवामुक्तीनंतर आमच्या गावात आणखी एका घराला वाळीत टाकायचं ठरलं होतं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आठवड्याभरात पाडेली कमरेला कोयता लावून त्यांच्या माड-पोफळीच्या कुळागरात शिरला. मी त्याला माडावर चढताना पाहिलं. आजी ओसरीवर बसून नारळ खाली पडताना ऐकत होती.