पंचवीसचा आकडा

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज साठ ब्रॅकेट भंगारात गेले. ३ मिलिमीटर पत्रा, एकच काटकोनी बेंड, उभ्या फ्लँजमध्ये (वाकवून उभ्या केलेल्या बाजूत) एम८, म्हणजे ८ मिलिमीटरच्या, बोल्टसाठी ९ मिलिमीटरचं भोक. बेंडिंगवाल्या काकांनी एक पीस माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, बोट फिरवून बघा." भोक बेंडच्या दिशेने ओढलं जाऊन अंड्यासारखं झालं होतं आणि त्याची खालची कड फुगली होती. बोल्टचं डोकं सपाट बसेना.

चूक माझ्या कॉम्प्युटरवरच्या थ्रीडी मॉडेलची. कस्टमरने फ्लँज ३० ची २५ करायला सांगितली. मी आकडा बदलला, मॉडेल रीबिल्ड झालं, कुठेही लाल खूण आली नाही, म्हणून ड्रॉइंग पुढे पाठवलं. भोक वरच्या कडेपासून १२ वर बांधलेलं होतं, ते तिथेच राहिलं. भोकाची कड ते फ्लँजच्या तळाची आतली बाजू हे अंतर मात्र १०.५ वरून ५.५ वर आलं. आम्ही तिथे पत्र्याच्या जाडीच्या दुप्पट अधिक बेंडचा आतला रेडियस, एवढं तरी ठेवतो. म्हणजे ९ हवे होते.

दिवसभर हेच डोक्यात होतं. सॉफ्टवेअर बघतं ते आकार जुळतोय का एवढंच. तो पत्रा वाकवताना काय होईल हे मला माहीत होतं, आणि मी ते मॉडेलमध्ये कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. ते नुसतं माझ्या डोक्यात होतं, आणि घाईच्या दिवशी डोक्यात राहिलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर तोच ब्रॅकेट ओपनस्कॅडमध्ये, म्हणजे कोड लिहून थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पुन्हा लिहिला. त्यात २०१९ पासून असर्ट ही आज्ञा आहे: अट मोडली की तिथेच थांबतं आणि आपण लिहिलेला निरोप दाखवतं. आधी मी फ्लँजला २० ते ८० अशी मर्यादा घातली आणि लगेच काढली. २५ हा आकडा एकटा चुकीचा नाहीच. २ मिलिमीटर पत्रा आणि २ चा रेडियस घेतला तर अंतर ६.५ येतं आणि लागतात ६, म्हणजे चालतं. ३ च्या पत्र्याला तीच फ्लँज किमान २८.५ लागते. तपासायचं ते आकड्यांचं आपसातलं नातं. कस्टमायझरच्या (ओपनस्कॅडमधल्या आकडे बदलायच्या पॅनेलच्या) स्लायडरला मर्यादा घालूनही हे साधत नाही, शिवाय कमांडवरून व्हॅल्यू दिली की स्लायडर बाजूलाच राहतो. अट मॉडेलच्या आतच हवी.

जाडीला मात्र साधी मर्यादा ठेवली, ०.८ ते ६. ओपनस्कॅडला एकक कळत नाही, त्याच्यासाठी आकडा म्हणजे नुसता आकडा. इंचातल्या ड्रॉइंगवरून कोणी ०.१२५ भरलं तर ते इथेच अडकेल.

निरोप लिहायला सगळ्यात जास्त वेळ गेला. "चुकीची व्हॅल्यू" लिहून कोणाचंच काम होत नाही. शेवटी असं लिहिलं: "भोक बेंडला फार जवळ आहे. या पत्र्याला फ्लँज किमान इतकी हवी," आणि पुढे हिशेब करून आलेला आकडा.

नऊच्या सुमारास काकांना फोन केला, रेडियस खरंच ३ येतो का विचारायला. "कुठला तीन?" ते म्हणाले. "३ च्या पत्र्याला २४ ची व्ही-डाय लावतो, २ च्याला १६ ची." व्ही-डाय म्हणजे ज्यात दाबून पत्रा वाकवतात तो व्ही आकाराच्या खाचेचा साचा. एअर बेंडिंगमध्ये, म्हणजे पत्रा खाचेच्या तळाला न टेकवता वाकवताना, साध्या स्टीलचा आतला रेडियस साधारण डायच्या तोंडाच्या रुंदीच्या १६ टक्के येतो. म्हणजे ३ ऐवजी ३.८४, आणि २ ऐवजी २.५६. आम्ही ड्रॉइंगवर कित्येक दिवस जाडीइतकाच रेडियस लिहितोय, आणि माझी नवी अटही त्याच आकड्यावर उभी होती.

रेडियसची व्हॅल्यू काढून टाकली आणि त्या जागी डायचं माप घेतलं. मग संध्याकाळी पास झालेला २ मिलिमीटरचा ब्रॅकेट परत चालवला. लागतात ६.५६, आहेत ६.५. थांबला.