तीनशे रुपयांचा खडखडाट

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी गेले होते पुरुमेंत करायला. मे संपत आला की गोव्यात घरोघरी पावसाच्या चार महिन्यांची बेगमी सुरू होते. सुकी सुंगटं झाली, हरमलच्या मिरच्या झाल्या, चिंच तेवढी राहिली होती. ती राहिलीच. वाटेत एका ताडपत्रीवर जुने रिमोट, मिक्सरची भांडी आणि वायरींची भेंडोळी पडली होती. त्या सगळ्याखालून एक कीबोर्ड डोकं वर काढून बघत होता. सहज वाकून मी त्याचं एक बटण दाबलं. टिक्. बोट उचललं तर पुन्हा टिक्, जरा खालच्या पट्टीतलं.

“बाय, तें खूब वाजता,” विकणारा म्हणाला. ती कबुली होती की जाहिरात, ते काही मला कळलं नाही. तो पाचशे म्हणाला, मी दोनशे म्हटलं आणि तीनशेवर जमलं. चिंचेऐवजी कीबोर्ड पाहून आई काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

बाबा मात्र खूश झाले. पणजीच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी टायपिस्ट म्हणून उमेदवारी केली, आणि तेव्हापासून त्यांची बोटं बटणं दाबत नाहीत, बटणांवर पडतात. माझ्या लॅपटॉपवर ते टाइप करायला बसले की मला लॅपटॉपची दया येते. त्यांनी कीबोर्ड मांडीवर घेतला, कुठेही न जोडता दोन ओळी बडवल्या आणि म्हणाले, “हां, हा बोलतो तरी.”

बोलतो तो असा. आपल्या नेहमीच्या स्वस्त कीबोर्डात सगळ्या बटणांखाली मिळून रबराची एक चादर असते आणि बोट तळाला टेकवल्याशिवाय अक्षराची खात्री नसते. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाला स्वतःची डबी मिळते, तिला स्विच म्हणतात. तिच्यात बटण जिच्यावर बसतं ती दांडी, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पट्ट्या. माझ्या कीबोर्डातल्या दांड्या निळ्या निघाल्या. निळ्या स्विचमध्ये बोट साधारण सव्वादोन मिलिमीटर खाली गेलं की पट्ट्या एकमेकींना भेटतात, अक्षर उमटतं आणि टिक् वाजतं. तळ त्याच्याही खाली, चार मिलिमीटरवर. लाल दांडीचे स्विच मुके, तपकिरी अधलेमधले. ही रंगांची भाषा रूढ केली चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचांनी. ते १९८०च्या दशकातले, आणि पेटंट संपल्यावर बाकीच्यांनीही तेच रंग उचलले. आपल्याकडच्या बँकांत, औषधांच्या दुकानांत, बिलाच्या काउंटरवर असे वाजणारे कीबोर्ड लोकांनी वर्षानुवर्षं ऐकलेत. ‘टीव्हीएस गोल्ड’ हे त्यातलं ओळखीचं नाव. माझ्या कीबोर्डावरचं नाव पार घासून गेलं होतं. बरंच झालं, जुनी वस्तू निनावी असली की तिच्याकडून अपेक्षा कमी राहतात.

पहिली ठेच वायरीला लागली. शेवटी सहा पिनांचा गोल जांभळा प्लग. लॅपटॉपला असलं भोक कुठलं? एक स्वस्त जोडणी आणली, ती नुसतीच लोंबत राहिली. नंतर कळलं, तिच्यात सिग्नल बदलणारी चिप हवी असते. चिपवाली आणली आणि दिवे लागले.

मग सफाई. ती मी रविवारवर ढकलत राहिले, तोवर मृगाचा पाऊस येऊन ठेपला. बटणं काढण्यापूर्वी फोटो काढून ठेवायचा असतो हे मला बटणं काढून झाल्यावर सुचलं. पहिली चार चमच्याच्या टोकाने उचकटली, त्यांच्या कडांवर अजून वण आहेत. मग हँगरची तार वाकवून चिमटा केला. स्पेसबारने सगळ्यांत जास्त छळलं. त्याच्या पोटाखाली एक आडवी तार असते, ती सोडवल्याशिवाय ओढलं तर तुटायचं.

आत काय नव्हतं! स्टेपलरच्या पिना, बडीशेपेचे दोन दाणे, मुंग्यांची एक सुकलेली रांग, उदबत्तीची राख. आणि कुंकू. आकड्यांच्या पट्ट्याच्या वरच्या कडेला, बोट पोचणार नाही अशा फटीत, घट्ट बसलेलं कुंकू. म्हणजे दर खंडेनवमीला कोणीतरी या कीबोर्डाला हळदकुंकू वाहत होतं, बहुतेक एखादं रोजाचं फूलही. बाकी सगळं मी ब्रशने झाडलं. कुंकवाशी आल्यावर ब्रश थांबला. ते तसंच आहे.

बटणं धुवायला कवळी साफ करायच्या गोळ्या चांगल्या, असं वाचलं होतं. फार्मसीत मागितल्या तर काउंटरवरच्या मुलीने मला नीट न्याहाळून हळूच विचारलं, “घरच्यांसाठी?” मी हो म्हटलं. कोमट पाण्यात गोळ्या फसफसल्या, रात्रभरात पाणी चहासारखं झालं. सकाळी एकशेचार बटणं सुपात पसरून पंख्याखाली ठेवली. आईने बघितलं आणि म्हणाली, “सांडगे का?” जूनमध्ये गोव्यात काय डोंबल वाळतंय! बटणाच्या पोटात दांडी बसायची जी खाच असते, तिच्यात पाण्याचा एक थेंब दडून बसतो. तीन दिवस लागले.

बटणं स्वच्छ झाल्यावर जुन्या मालकाची ओळख पटू लागली. हे प्लास्टिक बोटांनी घासून चकाकतं, तेव्हा कुठे चमक आहे ते बघत जायचं. ए-पासून झेडपर्यंतची अक्षरं खरखरीत, जवळजवळ कोरी. एंटर आरशासारखा. आकड्यांच्या पट्ट्यातला शून्य त्याहून गुळगुळीत. वरच्या रांगेत एकटं एफ-८ झिजलेलं. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ-८ म्हणजे विक्रीची नोंद, आणि पैसे दिल्याची नोंद एफ-५ला. एफ-५ जवळजवळ नवं होतं. दुकान चांगलं चालत असणार, किंवा मालक पैसे द्यायला नाखूश असणार. दोन्हीही असेल.

मला नेमकी अक्षरंच हवी होती. मी मराठी इनस्क्रिप्टमध्ये टाइप करते. भारतीय लिप्यांसाठीची ही मांडणी मानक ब्युरोने १९९१ साली प्रमाण ठरवली. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. बटणावर काय छापलंय याच्याशी काही देणंघेणं नाही, सगळं बोटांना पाठ. चाचणी म्हणून मी गोव्याचे तालुके टाइप करायला घेतले. तिसवाडी आली. पेडणे, डिचोली, फोंडा, सांगे, केपे, काणकोण, सासष्टी सगळे हजर. मग सत्तरीची ‘सत्ती’ झाली. मुरगावचं ‘मुगाव’. धारबांदोडा ‘धाबांदोडा’. बार्देश तर असा मोडला की छापता येणार नाही. बारापैकी चार तालुके जखमी, आणि मी स्वतः बार्देशातली. विधानसभा जिथे भरते ती पर्वरी टाइप केली, ‘प्वी’ उमटलं.

इनस्क्रिप्टमध्ये र असतो जे-च्या बटणावर, आणि शिफ्ट दाबली की तिथेच वाऱ्यातला, दऱ्यातला ऱ. म्हणजे एक बटण गेलं तर मराठीचा कणाच गेला. झाकण उघडलं तर जे, एन आणि एम यांच्या मधोमध चहाचा एक जुना ओघळ सुकून बसलेला. तिन्ही स्विचांत आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडले आणि प्रत्येक बटण शंभरेक वेळा दाबत बसले. ल आणि स तसे चालतच होते. र आला नाही.

यावर या छंदातल्या जाणत्यांचा एक जुना उपाय आहे. कीबोर्डात असं एक बटण असतं ज्याला जन्मात कोणी हात लावत नाही: स्क्रोल लॉक. त्याच्याखालचा स्विच उपटायचा आणि आजारी जागी बसवायचा. नवा घ्यायला नको. हे मला फार पटलं, कारण आमच्या घरातही सगळी दुरुस्ती अशीच होते, बाथरूमचा बल्ब जिन्यात आणि जिन्यातला गोठ्यात.

टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मुलाकडे गेले. त्याने सोल्डरिंगची इस्त्री हातात दिली आणि स्वतः चहा प्यायला गेला. एका स्विचला दोनच टाके असतात. एका हाताने कथील वितळवायचं, दुसऱ्या हाताने पंपाचा खटका दाबून ते वितळलेलं असतानाच ओढून घ्यायचं. पहिल्यांदा मी इस्त्री इतका वेळ धरली की राळेचा वास दुकानभर झाला. दुसऱ्यांदा घाबरून लवकर उचलली, कथील तिथेच गोठलं. पाचव्या-सहाव्या खेपेला पंपाने चळकन कथील ओढलं, आणि स्क्रोल लॉकची निळी दांडी माझ्या तळव्यावर आली. इतकी वर्षं दुकानात काढून एकदाही न दाबलेली, नवीकोरी. ती जे-च्या जागी बसवली. आजारी स्विच स्क्रोल लॉककडे पाठवला, भोक उघडं दिसायला नको म्हणून. चहावरून आलेल्या मुलाने टाके बघून “चलता” म्हटलं. मला वाटतं, जरा कौतुकानेच.

घरी येऊन आधी बार्देश टाइप केला. मग उगाचच ‘सुऱ्या, होऱ्या, तऱ्या’ अशी निरर्थक ओळ. रात्रीचे अकरा वाजले होते. आईने पलीकडच्या खोलीतून विचारलं, पाऊस पत्र्यावर पडतोय का.

या छंदात वीस-वीस हजारांचे कीबोर्ड जुळवणारे लोक आहेत. एकाने मला बटणांचं प्लास्टिक, स्प्रिंगचं वजन आणि स्विचांत घालायच्या ग्रीसबद्दल पाऊण तास सांगितलं. मी ऐकलं. त्यांच्या कीबोर्डात बडीशेप निघत नाही एवढंच.

शून्याचं मात्र लक्षात यायला चवथ उजाडायची होती. आकड्यांचा पट्टा मला लागतच नाही. चवथीच्या दोन दिवस आधी बाबा माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या माथ्यावर टांगायच्या फळांच्या, खर्चाचा हिशेब मांडायला बसले. सुपारी, निरफणस, केळीचा घड, एकेका बोटाने दणके देत. मध्येच थांबले.

“आंबाड्यांचा घोस साठला म्हणाला होता ना?”

स्क्रीनवर सहाशे होते. शून्य एकदा दाबलं की दोनदा पडत होतं. स्विचातल्या धातूच्या पट्ट्या भेटताना किंचित थरथरतात, स्विच झिजला की ती थरथर लांबते आणि कीबोर्ड तिलाच दुसरा दाब समजतो. दुकानदाराने हा कीबोर्ड का काढून टाकला ते तेव्हा उमगलं. किंवा इतकी वर्षं का ठेवला ते.

“मी दुरुस्त करते,” मी म्हटलं. “पॉजचं बटण आहे अजून, कोणी वापरत नाही.”

बाबांनी हात हलवून मला थांबवलं. “असू दे. उद्या म्हापशात हाच भाव होणार आहे.”