फवारणी सकाळी अकराला झाली

नागपुरात मनीषनगरातल्या एका सोसायटीत चौथ्या मजल्याच्या छज्ज्याखाली आग्या मोहोळ लागलं होतं. मोहोळ वाचवायला मला बोलावलं, पण मी पोहोचेपर्यंत फवारणारे औषध मारून गेले होते आणि चौकीदाराला दवाखान्यात हलवलं होतं. फवारायचं ठरवणारे खिडक्या लावून घरात बसले होते. खाली उघड्यावर तो एकटाच. त्याला कुणी विचारलंही नव्हतं, आणि हे माझ्या मनातून जात नाही.

अकरा वाजता आग्यावर औषध मारायला माणूस अडाणी तरी हवा नाहीतर बेफिकीर. त्या वेळी बऱ्याच माश्या चरायला गेलेल्या असतात. त्या परततात तेव्हा पोळ्यावर गोंधळ माजलेला असतो. एकीने डंख मारला की नांगीतून पिकल्या केळासारखा वास सुटतो आणि बाकीच्या त्याच माणसावर तुटून पडतात. अशा वेळी हात झाडत बसायचं नाही. तोंड झाकून सरळ पळायचं आणि घरात किंवा गाडीत शिरून दार लावायचं. पाण्यात उडी मारू नये, आग्या वर घिरट्या घालत थांबते.

चौकीदाराच्या मानेला लोकांनी चुना फासला होता. नांग्या तशाच रुतलेल्या. नांगी कातडीत राहिली की तिची पिशवी विष सोडतच राहते. म्हणून नखाने, चिमटीने, जशी निघेल तशी लगेच काढायची. ओठ सुजले, श्वास लागला, चक्कर आली किंवा डंख खूप असले, तर थेट 108.

वर पोळ्याचा तुकडा लोंबत होता. मधाच्या बाजूचा जाड भाग कापून एका घरात डबा भरूनही ठेवला होता. तो मी फेकायला लावला. औषध मारलेल्या पोळ्यातला मध विषारी. शिवाय तुकडे उघड्यावर पडले तर दुसऱ्या मोहोळांच्या माश्या तो मध लुटून नेतात आणि तिकडेही मरतात. सगळं पिशवीत बांधून खोल पुरलं, छज्ज्याचं मेण खरवडून काढलं.

खरं तर काहीच करायची गरज नव्हती. फेब्रुवारीत काटोल-कळमेश्वरकडे संत्र्याचा आंबिया बहार आणि शहरात शेवगा, काटेसावर, पळस फुलतात, म्हणून आग्या इथे असते. फुलोरा सरला की स्वतःच उठून जाते. तोवर मोहोळाच्या बाजूच्या गॅलरीतले दिवे रात्री बंद ठेवायचे, कारण आग्या उजेडावर येते. खाली फटाके, कचऱ्याचा धूर नको. पोळ्यावर माश्यांची लाट वारंवार सळसळताना दिसली की त्या बिथरल्यात, लांब राहायचं.

आणि कूलर! एप्रिलमध्ये पोळं थंड ठेवायला माश्यांना पाणी लागतं आणि त्या कूलरच्या ओल्या गवतावर जमतात. एकदा लागलेली पाण्याची जागा त्या सहसा सोडत नाहीत. म्हणून कूलर सुरू होण्याआधीच गच्चीच्या दूरच्या कोपऱ्यात, सावलीत, पसरट परातीत खडे घालून पाणी ठेवायचं. परात कोरडी पडू द्यायची नाही, नाहीतर त्या पुन्हा कूलरवर.

आग्या त्याच त्याच जागी परत येते. या छज्ज्यालाही पावसाळ्यानंतर नवं मोहोळ लागू शकतं. नकोच असेल तर सोसायटीने सप्टेंबरमध्ये, छज्जा रिकामा असताना, तिथे बारीक जाळी ताणून बसवावी. राहू द्यायचं असेल, तर चौकीदाराची खुर्ची आधी हलवावी.