हे-ऑन-वाय: एका क्रिकेट कादंबरीच्या मागावर दोन दिवस

या गावाचं नाव मराठीत सांगताना पंचाईत होते. 'हे'ला गेलो होतो म्हटलं, की समोरचा विचारतो, "हे म्हणजे कुठे?" वेल्स आणि इंग्लंडच्या सीमेवर, वाय नदीच्या काठी वसलेलं हे छोटं गाव. जेमतेम दोन हजारांच्या आसपास वस्ती, आणि जुन्या-नव्या पुस्तकांची वीसेक दुकानं.

मला हवं होतं त्या पुस्तकाचं नाव मात्र सांगत नाही. त्याच लेखकाची आणखी एक क्रिकेट कादंबरी अजून मिळायची आहे आणि विनाकारण गिऱ्हाइकं वाढवायची माझी इच्छा नाही. एवढं सांगतो, की कादंबरी १९३०च्या दशकातली, इंग्लंडमधल्या खेड्यातल्या संघावरची, आणि कित्येक वर्षं पुन्हा छापली न गेलेली. इंटरनेटवर तिच्या तीन प्रती दिसत होत्या. एक ८५ पौंडांना, दुसरी ९८ला, तिसरी ११०ला. नीट वाचलं तेव्हा कळलं, की तिन्हींचं वर्णन शब्दन्‌शब्द सारखं होतं, अगदी "कण्याला खालच्या बाजूने किंचित चीर"पर्यंत. म्हणजे प्रत एकच. बाकीचे दोघे ऑर्डर आली की पहिल्याकडून घेऊन पाठवणार आणि मधला फरक खिशात घालणार. तेव्हा तीन ठिकाणी महाग दिसतंय म्हणून हाच भाव असणार, असं समजू नका.

ऑनलाइन किमतीचा फार धसका घेऊ नये याचं एक मासलेवाईक उदाहरण आहे. २०११ साली अ‍ॅमेझॉनवर माशीच्या जीवशास्त्रावरच्या एका पुस्तकाची किंमत २ कोटी ३६ लाख डॉलरच्या वर गेली होती. दोन विक्रेत्यांचे प्रोग्रॅम एकमेकांचे भाव पाहून आपापले भाव ठरवत होते, आणि मध्ये माणूस कुणीच नव्हता.

तर ताईकडे राहायला गेलोच होतो, ती म्हणाली, "त्या ८५ पौंडांत आपण दोघं जाऊन येऊ. पुस्तक नाही मिळालं तरी नदी बघू." हिशेब काही तितका जमला नाही, पण निघालो.

लंडनच्या पॅडिंग्टनहून हेरफर्डला थेट गाडी आहे, साधारण तीन तास. थेट गाडीची वेळ जमली नाही तर न्यूपोर्टला बदलूनही जाता येतं. तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं, आयत्या वेळी काढाल तर पुस्तकाचे पैसे तिथेच संपतील. 'हे' गावाला स्वतःचं रेल्वे स्टेशन होतं, ते १९६२च्या अखेरीस बंद झालं. त्यामुळे हेरफर्डहून पुढे बस. टी-१४ नंबरची बस तासाभरात पोचवते. रविवारी बसच्या भरवशावर राहू नका, आणि शेवटची बस कितीला आहे ते उतरल्या उतरल्या बघून ठेवा. मे महिन्याच्या अखेरीस तिथे मोठा साहित्य महोत्सव असतो, १९८८पासून चालू आहे. त्या दिवसांत खोली मिळणं मुश्कील, आणि मिळाली तर भाव विचारू नका. जुनी पुस्तकं शोधायला जायचं असेल तर तो आठवडा सोडून जा. गुरुवारी गावात बाजार भरतो, गर्दी असते, पण वातावरण छान.

हे सगळं पुस्तकांचं खूळ सुरू केलं रिचर्ड बूथ नावाच्या गृहस्थाने. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने इथे जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं, मग गावातल्या रिकाम्या इमारती एकेक करून पुस्तकांनी भरत नेल्या. १ एप्रिल १९७७ला त्याने हे गाव स्वतंत्र राज्य असल्याचं जाहीर केलं आणि स्वतःला राजा म्हणवून घेतलं. तारीख बघितलीत ना? २०१९मध्ये तो गेला. त्याच्या नावाचं दुकान लायन स्ट्रीटवर अजून आहे, पण मालकी आता वेगळी.

आता मुख्य गोष्ट. पहिला दिवस मी फुकट घालवला, आणि तो तुम्ही घालवू नये म्हणून सविस्तर लिहितो.

प्रत्येक दुकानात शिरलो की मी विचारायचो, "क्रिकेट कुठे?" आणि दुकानदार मोठ्या प्रेमाने क्रिकेटच्या शेल्फापाशी नेऊन सोडायचा. तिथे काय नव्हतं? विस्डेनच्या पिवळ्या वार्षिकांची रांग (हे वार्षिक १८६४पासून निघतंय), दौऱ्यांची वर्णनं, खेळाडूंची आत्मचरित्रं, कौंटी क्लबांचे इतिहास. मी गुडघ्यांवर बसून सगळ्यात खालची फळीसुद्धा चाळली. कादंबरी एकही नाही. सिनेमा बुकशॉपमध्ये, म्हणजे खरोखरच जुन्या सिनेमागृहात थाटलेल्या दुकानात, तर मी दोन तास काढले. ताई तोवर नदीवर फिरून, कॉफी पिऊन, एक पक्ष्यांचं पुस्तक विकत घेऊन परत आली. "तुझ्या माणसाने क्रिकेटशिवाय काय लिहिलंय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "खूनबिन. सात-आठ रहस्यकथा आहेत." ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.

खेळावरची कादंबरी दोन शेल्फांच्या मधल्या फटीत पडते. खेळवाल्यांना ती खेळाचं पुस्तक वाटत नाही, आणि कथासाहित्यात ती लेखकाच्या आडनावाखाली जाते. लेखक दुसऱ्याच कशासाठी प्रसिद्ध असेल तर त्या दुसऱ्याच विभागात. मुलांसाठी लिहिणारा असेल तर बालसाहित्यात, खेडं ससेक्समधलं असेल तर कदाचित ससेक्सच्या स्थानिक इतिहासात. आणि यातच आपला फायदा आहे. क्रिकेटच्या शेल्फावर आलेल्या पुस्तकाला क्रिकेटचे संग्राहक भेटतात, आणि ते पैसा सोडायला तयार असतात. तीच कादंबरी रहस्यकथांमध्ये बसली असेल तर तिथे येणाऱ्याला ती नको असते, आणि दुकानदाराला ती जागा अडवणारी वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न बदलला. क्रिकेटचं नावच काढलं नाही, फक्त लेखकाचं आडनाव सांगितलं. तिसऱ्या दुकानात बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "वरच्या मजल्यावर, गुन्हेकथा, खिडकीजवळ." होती. त्याच्या चार रहस्यकथांच्या शेजारी, गडद निळ्या कापडी बांधणीत, वेष्टन नसलेली. आतल्या पानावर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ६ पौंड.

सहा का? कारणं दोन. एक तर वरचं छापील वेष्टन गेलेलं. दोन महायुद्धांमधल्या काळातल्या पुस्तकांचं वेष्टन टिकणं दुर्मीळ, म्हणून ते असलं की किंमत कित्येक पटींनी चढते. वाचायचं असेल तर वेष्टन हवंच कशाला? दुसरं, ही पहिली आवृत्ती नव्हती. शीर्षकपानाच्या मागे पुनर्मुद्रणाची ओळ होती आणि खाली सिंहाचं छोटं चिन्ह: 'बुक प्रॉडक्शन वॉर इकॉनॉमी स्टँडर्ड'. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कागदावर रेशन होतं, आणि १९४२पासून प्रकाशकांनी पातळ कागद, बारीक टाइप, अरुंद समास असा काटकसरीचा नेम पाळला. त्या काळातल्या प्रतींचा कागद तपकिरी पडतो, संग्राहक नाकं मुरडतात, आणि म्हणून त्या आपल्यासारख्यांना परवडतात. हे चिन्ह दिसलं तर पुस्तक खाली ठेवू नका. फक्त पानं सावकाश उलटा, कडा ठिसूळ झालेल्या असतात. आणि काउंटरवर जाण्याआधी शेवटचं प्रकरण पूर्ण आहे का ते उभ्या उभ्या तपासा. आधी एकदा घरपोच मागवलेल्या एका वाचनालयाच्या प्रतीत नेमकी शेवटच्या सामन्यातली आठ पानं नव्हती. तेव्हापासून मी हे करतो.

तिकडच्या विक्रेत्यांच्या वर्णनांची भाषाही लक्षात घ्या. 'गुड' म्हणजे चांगलं नव्हे, 'गुड' म्हणजे बरंच वापरलेलं. सुस्थितीतलं हवं असेल तर 'व्हेरी गुड'च्या वरचं बघा. 'एक्स-लायब्ररी' म्हणजे शिक्के, चिकटवलेले खिसे आणि वर प्लास्टिक, पण वाचायला स्वस्तात स्वस्त तेच. 'फॉक्सिंग' म्हणजे पानांवरचे तपकिरी ठिपके, त्याने वाचन अडत नाही. १९७०च्या आधीच्या पुस्तकाला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, शोधत बसू नका. इतक्या जुन्या पुस्तकाला आयएसबीएन दिसला तर ती बहुतेक नंतरची आवृत्ती असते, कधीकधी मागणीनुसार छापलेली स्कॅन प्रत. तिच्यात पानं तिरकी येतात.

किल्ल्याच्या आवारात उघड्यावर शेल्फं आहेत, 'ऑनेस्टी बुकशॉप'. दुकानदार नाही, पुस्तक घ्यायचं आणि पेटीत पैसे टाकायचे. सुटी नाणी जवळ ठेवा. तिथे मला कादंबरी मिळाली नाही, गॉल्फवरचं एक पुस्तक मिळालं जे मला नको होतं आणि तरी मी घेतलं. किल्ला दुरुस्त होऊन २०२२मध्ये लोकांसाठी उघडलाय, वेळ असेल तर आत जाऊन या.

आणि अजिबातच जायला जमत नसेल, तर थांबणं हाही मार्ग आहे. अमेरिकेतली 'वन्स अ रनर' ही धावपटूची कादंबरी जॉन पार्कर यांनी १९७८मध्ये स्वतःच छापली. पुढे ती मिळेनाशी झाली आणि जुन्या प्रतींचे भाव शेकडो डॉलरवर गेले. २००९मध्ये एका मोठ्या प्रकाशकाने ती नव्याने काढली आणि ती साध्या पुस्तकाच्या भावात मिळू लागली. आधी शेकडो डॉलर मोजलेल्यांना काय वाटलं असेल, देव जाणे. माझ्या लेखकाची नवी आवृत्ती निघण्याची चिन्हं नाहीत, नाहीतर मीही थांबलो असतो.

परतीच्या बसमध्ये पुस्तक ताईने मागितलं, "बघू तरी, कशासाठी एवढं." हेरफर्ड येईपर्यंत तिची चाळीस पानं झाली होती, आणि गाडीतही ती काही खाली ठेवेना. मी गॉल्फचं वाचत बसलो.