वांगी वाढा, मावशी

भद्रकालीच्या भाजीबाजारात सकाळची गर्दी होती. एका मावशींच्या टोपलीपुढे आमची सतरा वर्षांची मुलगी उभी. मुठीत पाचशेची नोट. मावशींनी विचारलं, "काय देऊ गं?" ती म्हणाली, "दोन वांगी वाढा."

मावशी हसल्या. "वाढायला पंगत बसलीय का?" पोरगी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. आपलं काय चुकलं तेच तिला कळलं नव्हतं. मला मात्र पोटात खड्डा पडल्यासारखं झालं.

मी नाशकात मुलींच्या बालगृहात अधीक्षिका आहे. ही मुलगी पाच वर्षांची असताना आमच्याकडे आली. तेव्हापासून तिच्या ताटात कुणीतरी वाढतच आलंय. साबण, खोबरेल तेल, वह्या, चपला, सगळं भांडारातून मिळतं, रजिस्टरवर सही करून. खायची वस्तू मागायची म्हणजे "वाढा" म्हणायचं, हेच तिला माहीत. घरातली पोरं सहाव्या-सातव्या वर्षी कोपऱ्यावरच्या दुकानातून पावशेर साखर आणतात, उरलेले दोन रुपये खिशात घालतात आणि त्यावरून आईचा ओरडा खातात. आमच्या मुलींना तो ओरडाही कधी मिळालेला नसतो.

आणि मुदत ठरलेली. अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडायचं. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये पुढे एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरच्या आधाराची, तरतूद आहे, केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना ४००० रुपयेही ठरवलेले आहेत. ते मिळावेत म्हणून मी कागद घेऊन खेटे घालते आणि घालत राहीन. पण हातात आलेल्या चार हजारांचं करायचं काय, हे तिला कोण सांगणार?

आम्ही शिवण शिकवलं, संगणक शिकवला, ब्यूटी पार्लरचा कोर्स करवून घेतला. पैसा शिकवला नाही. त्याची किंमत एका मुलीने मोजली. ती बाहेर पडून अंबडला एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागली होती, कॉट बेसिसवर राहत होती. ओळखीतल्या कुणीतरी तिला सांगितलं, तुझं खातं आणि एटीएम कार्ड महिनाभर वापरायला दे, तीन हजार देतो. तिने दिलं. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरले, खातं गोठवलं गेलं आणि तिचा पगारही त्यातच अडकला. पोलीस ठाण्यातून तिने मला फोन केला. "ताई, माझ्या खात्यात तसंही काही नसतं, म्हणून दिलं हो." तिच्या डोक्यात खातं म्हणजे रिकामा डबा. आपल्या नावावर आलेल्या पैशाचा जाब आपल्यालाच विचारतात, हे मी तिला बारा वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून हा उपक्रम. बाहेर पडायला सहा-आठ महिने उरलेल्या तीन मुली, प्रत्येकीला आठवड्याचे हजार रुपये, मागची रिकामी खोली आणि ५ किलोचा छोटा सिलिंडर. तो सिलिंडर पत्त्याचा पुरावा न मागता नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, हेही त्यांना मुद्दाम दाखवलं. उद्या भाड्याच्या खोलीत तोच उपयोगी पडेल. सात दिवस स्वतः आणायचं, स्वतः शिजवायचं.

वर्गात तयारी चांगली झाली होती. पाचशेच्या नोटेतला हिरवा धागा तिरका धरला की निळा दिसतो, हे तिघींनाही पाठ. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो, हेही पाठ. फसवणूक झाली तर १९३० ला फोन. सगळं फळ्यावर लिहिलेलं, वहीत उतरवलेलं. आणि बाजारात "पावशेर" म्हणजे किती ग्रॅम, यावर तिघी अडल्या.

मावशींनी मग फार चांगलं केलं. तिला जवळ बसवलं, तराजूत २५० ग्रॅमचं वजन टाकलं, म्हणाल्या, "हे पावशेर. आता तू घाल वांगी, काटा सरळ होईस्तोवर." तिने एकेक वांगं असं ठेवलं, जणू ते फुटेल. पैसे देताना नोट हातातून सुटेना. सुटे परत आले तेव्हा तिने ते मोजले आणि मुकाट्याने माझ्यापुढे धरले. मी म्हटलं, "तुझ्याकडेच ठेव." तिने दुसऱ्यांदा धरले. मी हात मागे घेतला.

किराण्याच्या दुकानात तिघींनी तेलाच्या तीन वेगवेगळ्या पिशव्या घेतल्या. एका खोलीत, एका शेगडीवर शिजवणाऱ्या तिघी! पण संस्थेत प्रत्येकीला तिचा वाटा मिळतो, भागीत घ्यायची सवयच नाही. दुकानदाराने काही विचारलं नाही, मीही गप्प बसले. चौथ्या दिवशी पैसे आटायला लागले तेव्हा त्यांचं त्यांनाच उमगलं. ते भांडण मी दाराबाहेरून ऐकलं आणि आत गेले नाही.

बँकेचं काम बाजाराच्याच दिवशी दुपारी झालं. वांगी घेणाऱ्या मुलीचं खातं अल्पवयीन म्हणून उघडलेलं, पालक म्हणून माझी सही, मोबाइल नंबर संस्थेचा. अठरा झाल्यावर सही नवी, केवायसी नवी. स्वतःच्या नावाचं सिमही अठराच्या आत मिळत नाही. म्हणजे आधी वाढदिवस, मग सिम, मग आधारला नंबर, मग बँक. हा क्रम चुकला, की ती तिकडे पैसे पाठवायला बसते आणि ओटीपी माझ्या टेबलावरच्या फोनवर येतो. बालगृहात काम करणाऱ्या प्रत्येकाने हा क्रम भिंतीवर लावावा असं मला वाटतं.

संध्याकाळी मी तिघींच्या हिशेबाच्या वह्या घेतल्या. हिच्या वहीत वीस रुपयांचा मेळ लागेना. मी दोनदा बेरीज केली आणि सवयीने विचारलं, "वीस कुठे गेले?"

ती रडायलाच लागली. संस्थेत एखादी वस्तू कमी भरली की काय होतं, ते तिला माहीत होतं. आधी रांगेत उभं करतात, मग पेट्या तपासतात. त्या तपासण्या मीच केलेल्या आहेत. बऱ्याच वेळाने तिने ओढणीच्या गाठीतून टिकल्यांचं पाकीट काढलं. लाल, बारीक टिकल्या. बाजारातून निघताना, मी रस्त्यापलीकडे असताना घेतलेल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता.

"चोरल्या नाहीत ताई. पैसे दिले."

मी तिची वही मिटून तिच्या हातात दिली. म्हटलं, "ते तुझे पैसे होते. त्याचं तू काय घेतलंस ते मला सांगायची गरज नाही."

तिने डोळे पुसले. थोडा विचार केला. "मग लिहायचं नाही?"

"लिहायचं. रोज लिहायचं. फक्त मला दाखवायचं नाही."