जिन्याखालच्या खुर्च्या

दिवाळीच्या आधीचे काही आठवडे पुण्यातल्या जवळपास प्रत्येक सोसायटीच्या जिन्याखाली जे काही साठते, ते सगळे भंगार आहे असे मानायला मी तयार नाही. भंगारवाल्याच्या तराजूला लोखंड, पत्रा आणि रद्दी कळते, लाकूड कळत नाही. त्यामुळे पेठेतला वाडा पाडून फ्लॅटमध्ये आलेल्या कुटुंबाची सागवानी खुर्ची, केवळ नव्या सोफ्याशेजारी शोभत नाही म्हणून, तिथे महिनोन्महिने धूळ खात पडते.

अशा टाकलेल्या वस्तू उचलून दुरुस्त करायची मला हौस आहे. उचलण्याच्या बाबतीत एक पथ्य मात्र मी कसोशीने पाळतो. पुठ्ठा, बाटल्या, पत्रा, तांब्याची तार यांना हात लावत नाही, कारण तो कचरावेचकांचा हक्काचा माल आहे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून त्यांच्यासाठी झगडते आहे आणि तिच्यातूनच उभी राहिलेली 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करते. घरटी मिळणाऱ्या मासिक शुल्काच्या जोडीला सुका कचरा विकून येणारे पैसे हीच या बायकांची मिळकत असते. हौस आपली आणि खिसा त्यांचा, असे होता कामा नये. आमच्या इमारतीत येणाऱ्या ताईंना विचारल्याशिवाय मी काही उचलत नाही आणि त्यांचे उत्तर ठरलेले असते, "न्या की दादा, लाकूड आमच्या काय कामाचं?"

खुर्ची उचलण्याआधी ती उलटी करून पाहावी, कारण वरचे पॉलिश फसवते, खालची बाजू फसवत नाही. सागवान असेल तर आतल्या बाजूला जरासे खरवडल्यावर सोनेरी तपकिरी रंग दिसतो आणि खुर्ची हाताला वजनदार लागते. भुशाच्या दाबीव फळीचे फर्निचर मात्र तिथेच सोडावे, कारण पाणी लागले की ती फळी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगते आणि मग तिच्यात स्क्रू धरत नाही. जुन्या खुर्चीचे पाय डुगडुगतात ते बहुधा लाकूड खराब झाल्यामुळे नव्हे, तर सांध्यातला सरस वाळून सुटल्यामुळे. सांधा उकलून तो जुना सरस पुरता खरवडून काढल्याशिवाय नवा फेव्हिकॉल लाकडात मुरत नाही, आणि घाईने वरूनच ओतणारे लोक नेमके इथेच फसतात. सांधा जुळवल्यावर पायांभोवती सुतळीचा वेढा घालून त्यात काठी अडकवावी, तिला पीळ देत सुतळी घट्ट आवळावी आणि खुर्ची रात्रभर तशीच ठेवावी. शिकंज्याचे काम सुतळी फुकटात करते.

संथ फिरणारे किंवा हाताने ढकलल्याशिवाय सुरू न होणारे छताचे पंखेही असेच टाकून दिले जातात. त्यांचा कपॅसिटर, म्हणजे मोटारीला फिरायला जोर देणारा छोटा भाग, जो बहुतेक घरगुती पंख्यांत अडीच मायक्रोफॅरडचा असतो, तेवढा बदलला की पुष्कळदा पंखा पूर्ववत चालतो. मोटारीला जळका वास येत असेल, तर मात्र वाइंडिंग, म्हणजे आतले तारेचे वेटोळे, गेलेले असते आणि तो पंखा भंगारातच शोभतो.

गादी, कापडी सोफा, गॅसची रबरी नळी आणि बूड फुगलेला कुकर कितीही चांगल्या घरातून आलेला असला तरी घेऊ नये. ढेकणांना पेठ कळत नाही.

बिजागऱ्या, कड्या आणि खणांच्या मुठी यांसाठी मी बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेजवळच्या जुन्या बाजारात जातो, कारण जुन्या कपाटाच्या चार मुठींपैकी हरवलेल्या एकीची जोड नव्या दुकानात मिळणे कठीण असते. दुरुस्त झालेले सगळे आमच्या दोन खोल्यांत मावणे शक्य नसल्याने बरेचसे ओळखीपाळखीत वाटून टाकतो. एक सागवानी खुर्ची सोसायटीच्या वॉचमनकाकांना दिली, तेव्हा तिच्यावर दोनदा रेलून त्यांनी ती पसंत केली आणि आता तिला हात टेकायला दांडे बसवता येतील का, अशी विचारणा चालवली आहे.